थांबवलेली माती

कल्याणप्पा मंगळवारी सकाळी सहाला गेले आणि साडेसहाला त्यांना बसवलं. इथंच सगळं चुकलं. पण त्या घडीला ही चूक आहे असं सांगणार कोण? लिंगायताचं माणूस काय आडवं होऊन मातीत जात नाही. अंग ताठ व्हायच्या आत मांडी घालायची, पाठ भिंतीला टेकवायची, कपाळावरनं पट्टी घेऊन खुंटीला बांधायची आणि तळहातावर गळ्यातलं इष्टलिंग ठेवायचं. अणदुरात हे असंच चालत आलेलं. चुलते धोंडप्पाकाका यांनी आपल्या हातानं भावाचे गुडघे दुमडले, आणि लेक शिवकांतानं कपाळाला विभूती लावली. ती गावातच दिलेली, म्हणून पहिली धावत आली होती.

पावणेसातला तिचा फोन वाजला. तिकडून, अमेरिकेतून, धाकटा भाऊ गौरीशंकर.

"अक्का, माती थांबव. मी निघालोय. आता पहिल्यासारखं न्हाय, आमच्या इथनं सरळ विमान सुरू झालंय. मधी कुठं उतरायचं न्हाय, बदलायचं न्हाय. सतरा तास, बास! उद्या पहाटं खाली उतरतो, बाराला दारात."

"थांबवते," शिवकांता म्हणाली. कुणाला विचारलं नाही की काही नाही.

विचारणार तरी कशी? पाच वर्षांमागं आई गेली, तेव्हा गौरीशंकरला यायला दोन विमानं बदलून दोन दिवस लागणार होते. घरचे थांबले नाहीत. संध्याकाळीच माती दिली. तो आला तो बुजवलेल्या खड्ड्यावर पडून रडला, आणि जाताना बहिणीला म्हणाला, "माझ्यासाठी दोन दिवस थांबला न्हाईत तुमी." तेव्हापासून अबोला. दर वर्षी राखी जायची, उत्तर यायचं नाही. अप्पांशी बोलायचा, अक्काचं नाव काढायचा नाही. पाच वर्षांनी आज पहिल्यांदा त्यानं तिला अक्का म्हटलं होतं. बाप तर गेलाच होता, निदान भाऊ तरी परत मिळतोय का, एवढीच तिची आस.

तिचा नवरा उमाशंकर सोलापूरला पळाला आणि अकराच्या सुमारास फ्रीजरची पेटी घेऊन आला. चौघांनी पेटी ओसरीवर ठेवली, झाकण उघडलं. सगळ्यांनी आत बघितलं, मग कल्याणप्पांकडं बघितलं. पेटी साडेसहा फूट लांब आणि जेमतेम दीड फूट खोल. झोपलेल्या माणसाची. आणि आपला माणूस तर लाकडासारखा घट्ट बसलेला!

"पाय सरळ करून बघावं का?" उमाशंकर हळूच म्हणाला.

पेटीवाला तसा वाईट माणूस नव्हता. पण बोलून गेला, "आता मोडावं लागंल, ताई."

"मोडतोस? माझ्या बापाला मोडतोस?" शिवकांता अशी अंगावर गेली की तो दोन पायऱ्या मागं सरकला. पेटी आली तशी परत गेली.

मग नळदुर्गाहून बर्फ. आठ लाद्या, भुसा, गोणपाटं. अप्पांच्या भोवतीनं बर्फ रचला, दोन पंखे लावले. एप्रिलचं ऊन, पत्र्याचं घर, आणि वीज कधी जाईल याचा नेम नाही. धोंडप्पाकाका दारातच उभे होते.

"पोरी, माझं ऐक. आजच उरकू. ह्यो बर्फ काय पुरायचा न्हाय."

"उद्या बारापस्तोर, काका. मी जबान दिलीय."

"मंग तू जाण अन् तुझा भाऊ जाणं," म्हणून काका अंगणात जाऊन बसले. बसले म्हणजे बसलेच, रात्रभर हलले नाहीत.

बुधवारी पहाटेपासून शिवकांताची नजर फोनवर. साडेसहाला वाजला.

"उतरलास का रं?"

"उतरलोय... पण तिथं न्हाय." गौरीशंकरचा आवाज पार बसला होता. "अक्का, आमी त्या विमानतळावर पोचलो बी होतो. खाली दिवे दिसत होते. पण धावपट्टी एकच, अन् पहाटं सगळी लांबची विमानं एकदमच येत्यात. आमच्या म्होरं एकाचं चाक फुटलं, पट्टी बंद. एक तास वर गिरक्या घातल्या. मग तेल संपत आलं म्हणून दुसऱ्याच राज्यात आणून उतरवलं."

"मग काय झालं? उतर अन् गाडी कर! कुठून बी ये!"

"दार उघडत न्हाईत, अक्का. विमान चालवणाऱ्यांचे कामाचे तास भरले, दुसरे यायचेत. अन् तिथली जागा मोकळी झाल्याबिगर हितनं सोडणार न्हाईत. बाहेरदेशचे म्हणून हितं उतरवून बी घेईनात. आमच्यासारखी आणखी सहा विमानं हुबी हायेत."

काय म्हणावं याला! सात समुद्र एका दमात ओलांडून आलेलं विमान, आणि टेकायला वीतभर जागा नाही. लांबून आणायची एवढी घाई, मग उतरवायचं कुठं याचा विचार कुणी करायचा? तिकडं लेक खुर्चीला पट्ट्यानं बांधलेला, इकडं बाप खुंटीला.

आठ वाजले, दहा वाजले. "अर्ध्या तासात सोडत्यात," असा त्याचा निरोप चारदा आला. शिवकांतानं विमान कंपनीचा नंबर शोधून काढला. तिकडून एक गोड बाई इंग्रजीत, मग हिंदीत, तेच ते बोलत राहिली. "अगं मेले, माणूस हायेस का यंत्र?" शिवकांता किंचाळली. यंत्रच होतं ते.

बारा वाजून गेले. बर्फाचं पाणी उंबऱ्यावरनं अंगणात आलं होतं. दुसऱ्या खेपेच्या लाद्या आल्या, त्याही दोन तासांत गेल्या. एकला वीज गेली. बायका आधी अप्पांच्या जवळ बसल्या होत्या, मग दारात आल्या, मग अंगणात. शेजारची सखूबाई तेवढी आत राहिली, नाकाला पदर लावून. उदबत्त्यांचा अख्खा पुडा शिवकांतानं एकदम पेटवला. काही उपयोग झाला नाही.

तीनला विधी करणारे जंगम अय्या तिच्याजवळ आले. "माय, लिंग हातातनं निसटाय लागलंय. आता ठेवणं म्हंजी त्येंची विटंबना हाय."

"अय्या, तुमच्या पाया पडते. पाचपस्तोर."

अय्यांनी तिला हाताला धरून अप्पांच्या समोर नेलं. सकाळपासून ती पंखा फिरवत होती, बर्फ लावत होती, पण तोंडाकडं बघायचं टाळत होती. आता बघितलं. ते तोंड अप्पांचं राहिलं नव्हतं. शिवकांता भिंतीला धरून खाली बसली आणि गुरासारखी हंबरली. मग तिनंच कपाटातून धोतर काढलं, अप्पांच्या तोंडाभोवती गुंडाळलं आणि म्हणाली, "उचला."

चारला मळ्यात खड्ड्याशी पोचले. अप्पांना आत बसवलं, बेल वाहिला, विभूती टाकली. तेवढ्यात फोन आला. चेहरा दिसणारा. गौरीशंकर अजून त्याच खुर्चीत होता, डोळे सुजलेले.

"अक्का, कळलं मला. द्या माती. फक्त एकदा अप्पांचं तोंड दाखव."

"न्हाय दाखवत."

"अगं एकदाच! दोन दिवस डोळा लागला न्हाय माझा. दाखव!"

"दाखवण्यासारखं ऱ्हायलं न्हाय, गौऱ्या."

तो ओरडला. विमानातली माणसं मागं वळून बघायला लागली. "मग ठेवलं कशाला एवढा वेळ? कालच दाखवून का न्हाय दिली माती?"

खड्ड्याभोवतीची माणसं खाली बघायला लागली. धोंडप्पाकाका फोन घ्यायला पुढं झाले, पण शिवकांतानं त्यांना अडवलं. तिचा आवाज चढला नाही.

"आईच्या वेळी थांबलो न्हाय, म्हणून पाच वर्सं बोलला न्हाईस. आता अप्पांच्या वेळी थांबलो, म्हणून बोलू नगंस."

फोन तिनं उमाशंकरच्या हातात दिला आणि खाली वाकली. पोरीनं आधी माती लोटायची नसते, असं मागून कुणीतरी म्हणालं. काका म्हणाले, "लोटू द्या तिला." ती दोन्ही हातांनी लोटत राहिली, आणि उमाशंकरच्या हातातल्या फोनवर गौरीशंकर अक्का, अक्का म्हणत राहिला.