भिंतीकडे तोंड करून

लेखक गेले तेव्हा त्यांच्या शेवटच्या नाटकाला दोन शेवट होते. मरणाची टिंगल करून लोकांना पोट धरून हसवण्यात उभी हयात घालवली आणि जाताना हा घोळ घालून ठेवला. उद्यापर्यंत शेवट ठरला नाही तर मी माझ्या मनाने बसवीन, असं दिग्दर्शकाने त्यांच्या मुलीला बजावलं होतं. बाबांच्या नाटकाला परक्याचं शेपूट लागणं तिला मुळीच खपणारं नव्हतं.

पण ती पडली दातांची डॉक्टर. नाटकातलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. बाबांची रीत मात्र लहानपणापासून पाठ होती. नवीन काही लिहिलं की आईला पलंगावर बसवायचं आणि आपण भिंतीकडे तोंड करून पुटपुटल्यासारखं वाचायचं. मागून आईचं हसू आलं तर मजकूर ठेवायचा, नाहीतर फाडायचा. वाचून झालं की मागे न बघता तडक तोंड धुवायला जायचं.

मुलीनेही तेच करून पाहिलं. नाटकातला म्हातारा नातेवाइकांची गंमत बघायला मेल्याचं सोंग घेऊन पडलेला असतो. पहिल्या शेवटात तो ताडकन उठून बसतो आणि त्याचं कपाट कुणी घ्यायचं यावरून भांडणाऱ्यांची दातखीळ बसते. मागे आई गप्पच. मुलगी वैतागून वळली आणि जराही हसू आलं नाही का, म्हणून विचारलं.

"काय वाचलंस ते ऐकूच आलं नाही," आई म्हणाली. "ओठ दिसले तरच कळतं मला. समोर बघून बोल, असं मी उगाच म्हणते का इतकी वर्षं?"

मुलीला तो आपला आईचा शिस्तीचा भाग वाटत आला होता. तिने चक्रावून विचारलं, "मग बाबांच्या वेळी हसायचीस कशी?"

"ह्यांचे खांदे हलायचे ना. ते हलले की मी हसायचे. तुझे हललेच नाहीत."

म्हणजे गावभर गाजलेला एकेक विनोद न ऐकताच पास झाला होता तर. मुलीला हसावं की कपाळ बडवून घ्यावं कळेना. बाबांना सांगितलं का नाहीस, असं तिने विचारलं.

"सांगितलं असतं तर त्यांनी ऐकायला दुसरं कुणी शोधलं असतं," आई म्हणाली.

मुलगी पुन्हा भिंतीकडे वळली. दुसऱ्या शेवटात सगळे भांडत असताना बायको त्या म्हाताऱ्याच्या नाकावर त्याचा चष्मा बसवते आणि म्हणते, जाताना ठेचकाळू नका. आता उठायचं कुठल्या तोंडाने, म्हणून तो बिचारा तसाच पडून राहतो. वाचता वाचता मुलीला बाबांचा टेबलावर पडलेला चष्मा दिसला आणि तिला हुंदका आवरेना. तिचे खांदे गदगदा हलू लागले.

मागे आई खळखळून हसली. "हाच ठेवा," जुन्या सवयीने म्हणाली.

मुलगी वळली. तिचा ओला चेहरा बघून आईचं हसू जागच्या जागी थांबलं. मग तिची नजर मुलीवरून तोंड धुवायच्या बेसिनकडे गेली.

"म्हणून तोंड धुवायचे होय," ती म्हणाली.