एकोणतिसावी मूठ

उन्हाला काही तोटा नव्हता. माघ सरत आला तसं सुरगाण्याकडच्या त्या डोंगरांवर ऊन असं तापायला लागलं, की कोंबड्यासुद्धा पडवीतून हलेनात. पाड्याच्या माथ्यावर पाणी सोसायटीच्या सौर प्लेटा दिवसभर नुसत्या चकाकत होत्या. पंपाचा कंट्रोलर जळाला होता. भिंतीवरचा एवढासा डबा तो, पण त्याच्यावाचून नदीचं पाणी वर घरोघरच्या नळांना चढेना, आणि मागं राहिलेल्या म्हाताऱ्या बाया पुन्हा हंडे घेऊन दरी उतरायला लागल्या.

सोसायटीची अध्यक्ष तानुबाई. अध्यक्ष म्हणजे काय, तर पंपघराची किल्ली कमरेला आणि सगळ्यांची बोलणी कानाला. पंप बसला तेव्हा धूर ओकणारं जुनं डिझेल इंजिन तिनंच हौसेनं भंगारवाल्याच्या टेम्पोत चढवलं होतं. "ऊन काय संपतं का?" असं वर विचारलं होतं. ऊन संपलं नाही, तेवढं मात्र खरं.

डबा फुकट बदलून मिळणार होता. पंप बसवणाऱ्या एजन्सीच्या महेशनं फोनवर सांगितलं, "मावशी, फक्त सोसायटीचा ठराव पाहिजे. मुदत होळीच्या दिवशी संपते, त्याच्या आत द्या."

आणि ठरावापाशीच घोडं पेंड खात होतं.

या पाड्यावर कुठलीही गोष्ट ठरवायची तर घराघरातून मूठभर नागली, म्हणजे नाचणी, येते आणि एका सुपात पडते. सगळ्या मुठी पडल्याशिवाय कुणी बोलायला तोंड उघडत नाही. बोलणं संपलं की त्याच नागलीची आंबील करून सगळे पितात. सोसायटी नोंदवताना महेश म्हणाला होता, एवढ्या सगळ्यांची काही गरज नाही, थोडे सभासद आले तरी चालतं. तेव्हा तानुबाई ताडकन उभी राहिली होती. पाझर तलावाच्या वेळी अर्धा पाडा बाहेर कामाला गेलेला असताना कुणीतरी आक्काबाईच्या नावानं अंगठा उठवला होता, आणि बिचारीचं भाताचं खाचर पाण्याखाली गेलं होतं. ही आक्काबाई तानुबाईची शेजारीण. "एकबी घर गाळायचं नाय," तानुबाई म्हणाली, "जिची चूल वेगळी, तिची मूठ वेगळी, तिचा अंगठा वेगळा." तसंच पोटनियमात लिहिलं गेलं. चुली एकोणतीस, म्हणून अंगठे एकोणतीस. नियम बदलायचा म्हटला तरी एकोणतीसच. शहाणपण असं पक्कं बांधून घेतलं की पुढं त्यातून हात बाहेर निघत नाही.

आता माघात पाड्यावर होतं कोण? म्हातारी माणसं, शाळकरी पोरं आणि कुत्री. धडधाकट सगळे दिंडोरी-पिंपळगावच्या द्राक्षबागांत.

"बागांमंदी जाऊन अंगठे घिऊन येऊ," आक्काबाई म्हणाली.

"कशाला उगा वणवण?" तानुबाई म्हणाली. "होळीला येत्यातच की सगळी."

यात तिचं काय चुकलं? त्या मुलखात माणूस एक वेळ सख्ख्या भावाच्या लग्नाला चुकेल, पण होळीला आपल्या पाड्यावर नाही असं होत नाही. मुकादमानं पैसे अडवले तरी निघून येतो. सगळी येणार हे तानुबाईनं धरून ठेवलं, आणि त्यात आपल्या लेकालाही धरलं.

दत्तू तिचा एकुलता एक. लग्न झाल्यावर त्यानं वेगळी चूल मांडली होती, आणि यंदा बागेऐवजी बायकोला, पल्लवीला घेऊन वापीकडे बांधकामावर गेला होता. "होळीला येतो आये," म्हणाला होता. मग त्याचा फोनच बंद झाला. पडला असेल कुठंतरी पाण्यात, असं ती स्वतःला सांगायची आणि रोज एकदा नंबर लावून पाहायची.

होळीच्या दिवशी दुपारपासून जीपगाड्या भरभरून यायला लागल्या. पाडा गजबजला. बांबू उभा राहिला, त्याला साखरेच्या गाठी लागल्या. महेशही मोटारसायकलवरून आला. पोरगा वाईट नव्हता, सणाचं घर सोडून आला होता. तानुबाईनं अंगणात सूप मांडलं. मुठीवर मूठ पडत गेली, ठरावाच्या कागदावर अंगठे उठत गेले. ऊन उतरलं तेव्हा सुपात अठ्ठावीस मुठी होत्या.

शेवटची जीप आली. तिच्यातून दुसऱ्याच पाड्याची माणसं उतरली.

"मावशी, उद्या हा कागद कुणी हातातसुद्धा घेणार नाही," महेश हळूच म्हणाला. "तुमचाच मुलगा आहे ना? लावा त्याच्या नावानं अंगठा. कोण बघतंय?"

बघत तर सगळेच होते. तानुबाईनं शाईच्या डबीत अंगठा बुडवला. समोरच आक्काबाई बसली होती, सकाळी दोनदा दरी चढून गुडघे धरून बसलेली.

"लाव गं तानू," आक्काबाई म्हणाली. "म्या सांगते, लाव."

दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर कदाचित तिनं लावलाही असता. पण जिचं खाचर असल्याच एका अंगठ्यानं बुडालं, तीच लाव म्हणत होती, आणि ते तानुबाईला सोसेना. तिनं हात मागं घेतला. शाई तिनं लुगड्याला पुसली.

"तुझ्या इमानानं हंडा भरतो का गं?" मागून एक बाई करवादली. महेशनं कागदाची घडी करून तिच्या हातात ठेवली आणि गाडीला किक मारली. होळी पेटली, ढोल वाजला. नागलीची आंबील त्या दिवशी झाली नाही. ज्यानं त्यानं आपली मूठ परत नेली.

धुळवडीच्या सकाळी फोन वाजला. नंबर अनोळखी होता.

"आये, दत्तू बोलतोय. फोन चोरीला गेला व्हता गं. अन् पल्लवी आजारी पडली, म्हणून होळी हुकली."

"काय झालंय तिला?"

"चांगलंच झालंय. सातवा लागलाय. तुला येऊन सांगणार व्हतो." दत्तू हसला, मग त्याचा आवाज उतरला. "पण डॉक्टरीण म्हणती, हंडा उचलायचा नाय, चढउतार करायची नाय. इथं पाणी खालून चार मजले आणावं लागतं. म्या कामावर असतो. आपल्याकडं नळ हाय म्हणून बरं. उद्याच्या गाडीनं धाडतो तिला."

तानुबाई अंगणातल्या नळाकडे पाहत राहिली. नातवंड येणार होतं. आयुष्यभर वाट पाहिलेली गोष्ट, आणि तिला धड हसताही येईना.

"आये? नळ चालू हाय ना?"

खोटा अंगठा तिला लावता आला नव्हता. पण खरं सांगून त्या पोरीला ठेवायचं कुठं?

"हाय रं," ती म्हणाली. "धाड तिला."

फोन ठेवल्यावर तिनं उगाच एकदा तोटी फिरवून पाहिली. मग चुंबळ डोक्यावर ठेवली, डोक्यावर दोन आणि कमरेवर एक हंडा घेतला आणि दरीची वाट धरली. उद्यापासून दोन चुलींचं पाणी भरायचं होतं.