चोवीस घोडे आणि वरणाचा थेंब

योकोहामाच्या कुबोता-सानच्या कारखान्यात दमयंतीनं अकरा वर्षांत जेवढं गवत रंगवलं, तेवढं एकत्र पसरलं असतं तर अख्खं होक्काइदो बेट हिरवंगार झालं असतं. त्यावर गाई सोडल्या असत्या तर त्या अजून चरत असत्या.

कारखान्यात जुन्या युरोपी छापचित्रांच्या प्रती छापायच्या आणि हातानं रंगवायच्या. तीनशे वर्षांपूर्वीच्या राजेलोकांचे खेळ: पिसांचे तुरे खोवलेले घोडेस्वार, भाल्याच्या टोकात टांगती कडी ओवायची शर्यत, सज्जात पंखे हलवणाऱ्या बायका. कायदा एकच. एका माणसाला एक रंग, घोड्यांना तेवढा वेगळा माणूस, आणि नमुन्यात असेल तसंच प्रतीत. दमयंतीला पहिल्या दिवशी हिरवा मिळाला, तो चिकटलाच. तिला हवे होते घोडे. घोड्यांचे पुठ्ठे, आयाळी, फुरफुरणाऱ्या नाकपुड्या. अकरा वर्षं ती त्यांच्या खुरांपर्यंत येऊन थांबत होती.

पंच्याण्णव साली घोडे रंगवणारे आजोबा निवृत्त झाले. तेवढ्यात एका लग्नाच्या हॉलची चोवीस चित्रांची ऑर्डर आली.

कुबोता-सान म्हणाले, "दमयंती-सान, नमुना तुम्ही करा, प्रतींतले घोडे या खेपेला बाकीचे भरतील. चित्रं गिऱ्हाइकाला पसंत पडली तर पुढचे घोडे तुमचे. नाही पडली तर गवत आहेच."

नमुना तिनं घरी, जेवणाच्या टेबलावर केला. सगळ्यांत पुढचा पांढरा घोडा असा उतरला की त्याच्यासमोर मूठभर हरभरे ठेवावेसे वाटले. शनिवारी दुपारी तिचे यजमान गुणवंतराव ताट घेऊन शेजारी बसले.

"अहो, तिकडे बसा ना."

"तिकडे पंखा लागत नाही. वा! दमू, घोडा काय झालाय! याच्यावर बसून मी आत्ता थेट..." असं म्हणत त्यांनी चमचाच भाल्यासारखा उगारला.

वरणाचा थेंब उडाला तो बरोब्बर पांढऱ्या पुठ्ठ्यावर.

हळदीच्या डागाला साबण लावू नये हे तिला आईनं सांगितलं होतं, आजीनं सांगितलं होतं, आणि तिनं स्वतः मुलीला सांगितलं होतं. पण घाबरलेल्या माणसाचा हात कुणाचं ऐकतो? साबणाचं बोट फिरलं आणि पिवळा डाग लालभडक झाला. भोवती तेलाचं कडं होतंच.

"छान दिसतंय की," गुणवंतराव म्हणाले.

"तुम्ही एक अक्षर बोलू नका!"

नवा नमुना करायला वेळ नव्हता. डाग आहे हे कुणालाही कळेल, प्रतींमध्ये तो गाळतील, असं स्वतःला समजावून तिनं सोमवारी तोंड बंद ठेवून नमुना दिला. गवत सगळ्यांत आधी रंगवायचं, त्यामुळे तिचे कागद पुढे गेले ते तिला पुन्हा दिसलेच नाहीत. लाल रंग सगळ्यांत शेवटी. तो हात्सुए-सानकडे. वय एकोणऐंशी, आयुष्यात एक रेघ चुकलेली नाही.

गिऱ्हाईक आलं त्या सकाळी चोवीस चित्रं भिंतीला टेकून उभी होती. दमयंतीनं पाहिलं आणि ती मनात मोजायला लागली. चोवीस पांढरे घोडे. चोवीस पुठ्ठ्यांवर चोवीस लाल डाग. भोवती तेलाचं कडंसुद्धा, पातळ वॉर्निश लावून हुबेहूब काढलेलं.

हॉलचे व्यवस्थापक निनोमिया-सान वाकले. "हे काय आहे?"

कुबोता-साननी मूळ छापाची प्रत आणली. तिथे काहीच नव्हतं.

"नमुन्यात होतं," हात्सुए-सान म्हणाल्या. विषय संपला.

सगळे दमयंतीकडे वळले. तिचं तोंड उघडलं आणि आतून थाप निघाली ती चौखूर. "तो नवरदेवाचा घोडा आहे. आमच्याकडे घोड्याला कुंकू लावतात. ही टांगलेली कडी म्हणजे लग्नाची अंगठी. भाल्यात ओवली नाही तर नवरी मिळत नाही. आणि सज्जात बसल्यात त्या मेव्हण्या. सात आहेत. कडी त्याच हलवतात."

"सात!" निनोमिया-साननी वही काढली. "हे सुंदर आहे. प्रत्येक चित्राखाली पाटी लावू. इतिहास म्हणून."

इतिहास म्हटल्यावर दमयंती भानावर आली. उद्या चोवीस जोडपी त्या पाटीखाली फोटो काढणार.

"लिहू नका," ती म्हणाली. "ते वरण आहे."

"वरण म्हणजे?"

"डाळ. माझ्या नवऱ्याच्या चमच्यातली."

मग हात्सुए-सान हळूच म्हणाल्या, "नऊ दिवस लागले मला. तीन केसांच्या ब्रशनं."

दमयंती माफी मागायला कमरेत वाकली ती वर येईना.

निनोमिया-सान मात्र भिंग मागून एकेक चित्र बघत सुटले. पहिला डाग, सातवा, विसावा. तोच आकार, तेच कडं. शेवटी ते म्हणाले, "जो कारखाना सांडलेली डाळ इतक्या निष्ठेनं काढतो, तो माझ्या चित्रांत दुसरं काय चुकवणार? सगळी घेतो. पाटी नको."

ते गेल्यावर कुबोता-साननी बराच वेळ चष्मा पुसला. "पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं तुम्ही."

"हो."

"पण आल्यापासून त्यांची नजर त्या घोड्यावरून हलली नाही. म्हणून तर डाग दिसला. घोडे तुमचे. यापुढे नमुना इथेच बसून करायचा, आणि जेवण बाहेर."

दमयंतीनं त्याच दुपारी हिरव्या रंगाची वाटी घासूनपुसून नव्या मुलीच्या हवाली केली. मग पुढच्या ऑर्डरचा छाप टेबलावर उलगडला.

राजवाड्यासमोरचं तळं. दोन नावा, नावांवर भालेवाले, चहूकडे पाणी. एकमेकांना पाण्यात ढकलण्याची शर्यत. घोडा एकही नाही.

तिनं भिंग घेऊन कागद काठाकाठानं पिंजून काढला. डाव्या कोपऱ्यात, पिंपांच्या मागे, एक गाढव उभं होतं. करंगळीच्या नखाएवढं.

ते तिनं तीन दिवस रंगवलं.