मोरितांच्या भिंतीवरचा शब्द

अकरा उमेदवारांपैकी दहा जण एकच गोष्ट सांगणार होते, आणि ती गोष्ट खोटी होती. अकरावी होती रविना वसावे. गोष्ट खोटी असल्याचे तिने चार दिवसांपूर्वी शोधून काढले होते, आणि तेव्हापासून तिला एका जागी बसवत नव्हते.

गोष्ट अशी : जपानी भाषेत काम करण्याला 'हाताराकु' म्हणतात. 'हाता' म्हणजे जवळची माणसे, 'राकु' म्हणजे सुख. तेव्हा जवळच्यांना सुख देणे म्हणजेच काम. शहाद्यात एका कृषी केंद्राच्या वरच्या मजल्यावर जगदीश सर जपानी शिकवत. ही गोष्ट ते डोळे मिटून सांगत आणि सांगून झाल्यावरही काही क्षण मिटलेलेच ठेवत. जपानमधल्या एका सुट्या भागांच्या कारखान्याला तीन माणसे हवी होती. मुलाखतीत प्रत्येकाने एका कांजीचा, म्हणजे जपानी अक्षरचिन्हाचा, अर्थ, उगम आणि वापर एका मिनिटात सांगायचा होता. सरांनी साऱ्या वर्गाला 'हाताराकु'चे एकच चिन्ह वाटून दिले : 働. एकाच उत्तराची अकरा वेळा उजळणी घेणे सोपे, अकरा उत्तरांची एकेकदा घेणे अवघड, हा त्यामागचा हिशेब होता.

रविनाने भौतिकशास्त्रात बी.एस्सी. केले होते आणि गोड लागणारे स्पष्टीकरण आधी तपासून घ्यायची तिला खोड होती. ही खोड अकरावीत लागली. डोक्यावर ओझे घेऊन सपाट रस्त्याने चालणारा माणूस गुरुत्वाकर्षणाविरुद्ध शून्य कार्य करतो, असे तेव्हा पुस्तकात आले होते. सुट्टीत तिने ते आईला सांगितले. भुरीबाई तेव्हा नुकतीच गुजरातमधून ऊसतोड करून परतली होती आणि मानेला तेल लावत बसली होती.

"शून्य?"

"सपाट रस्त्यावर. चढावर नाही."

"मग आमच्या मुकादमानं हेच पुस्तक वाचलेलं दिसतंय," भुरीबाई म्हणाली होती.

ते सूत्र बरोबर होते आणि मानही दुखत होती. या दोन गोष्टी एकमेकींना खोट्या पाडत नाहीत हे रविनाला पटायला दोन वर्षे लागली.

'हाताराकु'च्या बाबतीत तिला चार दिवस पुरले. तिने तीन कोश पाहिले. क्रियापद जुने होते, आणि त्याचा मूळ अर्थ नुसता 'हलणे' असा होता. 'राकु' हा शब्द चिनीतून उसना आलेला. जुन्या देशी क्रियापदाच्या शेपटीला तो कसा चिकटला, याचा पुरावा कोणीच देत नव्हते. चिन्हाची हकीकत आणखी वेगळी. बहुतेक कांजी चीनमधून आल्या; ही मात्र जपानात घडवली गेली. डावीकडे माणूस, उजवीकडे हालचाल. आणि वापर? गुरुत्वाकर्षणही 'हाताराकु' करते, डोकेही करते, आणि चोर जी चोरी करतो तिलाही हेच क्रियापद चालते. चोराच्या जवळच्यांना सुख होत असेल, पण कोशकारांनी तेवढा विचार केला असेल असे वाटत नव्हते.

तिने हे सरांना सांगितले तेव्हा सरांनी चहाचा कप खाली ठेवला.

"बेन, गोष्ट खरी शे का खोटी, हाई कोन इचारी ऱ्हायनं तुले?"

"उगम सांगा असं त्यांनी लिहिलंय, सर."

"मागच्या खेपेलेबी असंच करं तू. आठव."

तिला आठवत होते. मागच्या मुलाखतीत 'आमची कंपनी तुम्हाला का आवडते' या प्रश्नावर तिने 'मी ती अजून पाहिलेली नाही' असे उत्तर दिले होते. या वेळी नाव आले नाही, तर दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळीच्या ट्रकमध्ये चढायचे, हे घरी ठरले होते. कोणी रागावून ठरवले नव्हते. बापाची, जान्याची, कंबर गेल्या हंगामात धरली होती आणि एक माणूस कमी पडत होता. मोलगीच्या बाजारातून आईने तिच्यासाठी नवा कोयता आणून ठेवला होता. त्याची मूठ रविनाच्या हाताच्या मापाने तासून घेतली होती. माप कधी घेतले ते रविनाला कळलेही नव्हते. बहुधा ती झोपेत असताना.

मुलाखतीच्या गुरुवारी सकाळी ती गच्चीवर सतरा फेऱ्या मारून खाली आली. जिन्यात उमेदवार ओळीने बसले होते. तिचा क्रमांक नववा. नवापूरचा रोशन गावित सहावा होता. तो मुलाखतीच्या प्लायवूडच्या खोलीतून घाम पुसत बाहेर आला.

"काय झालं?" तिने विचारले.

"काय होणार? गोष्ट सांगितली. पडद्यावरच्या म्हाताऱ्यानं मान डोलावली."

"सहाव्यांदा ऐकूनही?"

"सहाव्यांदा जास्त डोलावली. आमच्या चर्चमध्येही असंच असतं. माहीत असलेलं गाणं असलं की माणसं मोठ्यानं म्हणतात." त्याने तिच्या हातातल्या कागदाकडे पाहिले. "तू भलतंच काही लिहून नाही ना आणलंस, मास्तरीण?"

तिने कागदाची घडी केली. उलगडली. पुन्हा केली. सातवा गेला, आठवा गेला. मध्येच वीज गेली, इन्व्हर्टर लागला, खाली दुकानात कोणीतरी कपाशीच्या फवारणीचे औषध मागत होते आणि तेवढ्यात तिचे नाव पुकारले गेले.

पडद्यावर दोन चौकोन होते. एकात पुण्याच्या दुभाषी बाई, दुसऱ्यात कारखान्याचे मालक मोरिता : सत्तरीचे, कामाच्या निळ्या कोटात. रविनाने वाकून नमस्कार केला, वर पाहिले आणि पाठ केलेले पहिले वाक्य विसरली.

मोरितांच्या मागे भिंतीवर एक फ्रेम होती. जाड कुंचल्याने काढलेली दोनच अक्षरे : 傍楽. पहिल्याचा उच्चार 'हाता', दुसऱ्याचा 'राकु'. जवळचे आणि सुख. तीच गोष्ट, काचेखाली.

लॅपटॉपच्या मागे उभ्या असलेल्या जगदीश सरांना फ्रेम दिसत नव्हती. त्यांना फक्त रविनाचा चेहरा दिसत होता. त्यांनी 'सुरू कर' अशी खूण केली.

गोष्ट तिलाही पाठ होती. चाळीस सेकंदांची. तोंड उघडले असते तर ती आपोआप बाहेर पडली असती, आणि तो कोयता कायमचा कुडाला टांगलेला राहिला असता. मराठीत बोलायचे असते तर मधला रस्ताही होता : 'असे म्हणतात', 'काहींच्या मते', 'अर्थात मतभेद आहेत'. पण तिचे जपानी चौथ्या, म्हणजे खालून दुसऱ्या, पातळीचे होते, आणि त्या पातळीवर आडपडद्याची वाक्ये शिकवत नाहीत. तिथे 'आहे' असते आणि 'नाही' असते.

तिने घसा साफ केला आणि चिन्ह सांगितले. अर्थ सांगितला. मग म्हणाली, "तुमच्या मागे एक गोष्ट आहे."

मोरितांनी मान वळवून पाहिले.

"कोनो हानाशी वा, होंतो दे वा आरिमासेन," रविना म्हणाली. ही गोष्ट खरी नाही.

दुभाषी बाईंच्या चौकोनात हालचाल थांबली. वीज पुन्हा गेली की काय असे वाटावे इतकी. जगदीश सरांना तेवढे जपानी येत होते. त्यांनी दोन्ही हात डोक्यावर ठेवले.

रविना थांबली असती तर बरे झाले असते की वाईट, हे सांगता येत नाही. ती थांबली नाही. कोश तीन पाहिले. शब्द जुना आहे. आधी अर्थ 'हलणे' होता. चिन्ह जपानात बनवले. माणूस आणि हालचाल. चोरालाही चालते. छोटी छोटी वाक्ये, एकामागे एक, चढावर ओझे नेताना श्वास घेतात तशी. मग शेवटचे, जे कागदावर नव्हते :

"माझ्या गावात लाह आहे. एक माणूस घर बांधतो. सगळे येतात. पैसे नाहीत. जेवण आहे. तिथे तुमची गोष्ट आहे. शब्दात नाही."

मोरिता उठले आणि चौकोनाबाहेर गेले.

रिकामी खुर्ची थोडी फिरत राहिली. "काय बोलनी वं तू!" सर दबक्या आवाजात ओरडले. "डोकं फिरनं का तुन्हं?" दुभाषी बाईंनी माईक बंद केला होता, त्यांचे ओठ हलत होते.

खुर्ची थांबल्यावर मोरिता परत आले. त्यांच्या हातात ती फ्रेम होती; भिंतीवर तिच्या जागी फिकट चौकोन उरला होता. ते बराच वेळ बोलले. बाईंनी मराठीत सांगितले, "ते म्हणताहेत, ही अक्षरं त्यांच्या वडिलांच्या हातची आहेत. लहानपणी रविवारी कारखान्यात झाडू मारायचा कंटाळा केला की वडील यांच्याकडे बोट दाखवायचे. ते विचारताहेत, तुम्ही शेवटी सांगितलंत त्या कामाला किती माणसं होती?"

"बेचाळीस," रविना म्हणाली. "खात्याकाकांच्या घराला. मे महिन्यात."

"अंदाजे?"

"नाही. भाकऱ्या मी वाटल्या होत्या."

मोरितांनी काहीतरी लिहून घेतले. हसले नाहीत. मिनिट संपून साडेसहा मिनिटे झाली होती.

निकालाला आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत रविनाने फोन किती वेळा पाहिला हे तिने मोजले नाही, आणि न मोजणे हे तिच्या बाबतीत बरे लक्षण नव्हते. नवव्या दिवशी यादी आली : रोशन गावित, रविना वसावे आणि पुरुषोत्तमनगरची एक मुलगी.

"खरं बोलनी ना, म्हनून झायं," जगदीश सर आता साऱ्या वर्गाला सांगू लागले. "मी तिले आधीच सांगेल व्हतं."

रविनाला हा निष्कर्ष मान्य नव्हता. निवडलेल्या तिघांतल्या दोघांनी खोटीच गोष्ट सांगितली होती. एका नमुन्यावरून काही सिद्ध होत नाही.

"सिद्ध नको करू," रोशन म्हणाला. "बॅग भर."

शनिवारी ती जीपने मोलगीला उतरली आणि तिथून चालत घरी गेली. भुरीबाई अंगणात बांबू फोडत होती, त्याच नव्या कोयत्याने. जान्या कुडाला टेकून, कंबरेखाली गोधडी घेऊन बसला होता. रविनाने सगळे सांगितले. जान्याने दोनदा 'जपान' म्हणून पाहिले.

"याहा, ट्रकमध्ये आता एक माणूस कमी पडणार," रविना आईला म्हणाली.

"पडेल. खात्याची सून येते म्हणाली." भुरीबाईने कोयता पुढे केला. "हा ने. मूठ तुझ्या मापाची आहे."

"विमानात नेऊ देत नाहीत."

"मग तिथं बांबू कशानं कापतात?" उत्तराची वाट न पाहता तिने एक बांबू उभा चिरला. मग म्हणाली, "त्या म्हाताऱ्याच्या बापानं लिहिलेलं होतं ना ते?"

"हो."

"आणि त्यानं ते भिंतीवरून काढलं."

"मी काढायला नव्हतं सांगितलं."

"खोटं आहे म्हणालीस. आणखी काय सांगायचं राहिलं?" भुरीबाई म्हणाली. आवाजात राग नव्हता. "परत लावलं का त्यानं?"

रविनाला ते माहीत नव्हते. यादी आल्यावर निवळलेली अस्वस्थता तिथल्या तिथे परत आली, आणि आता ती संपायची तारीखही ठरलेली नव्हती. रात्रीच्या जेवणापर्यंत तिने बांबूच्या दोन मोळ्या फोडल्या. मूठ हातात नेमकी बसत होती.

कागदपत्रांसाठी सोमवारी पुन्हा बोलणे होते. पडदा उजळताच, नमस्कार करण्याआधी, तिने भिंतीकडे पाहिले. फ्रेम होती. किंचित तिरकी, पण होती. तिच्याखाली एक लहान कागद नव्याने चिकटवलेला होता आणि त्यावर पेनाने दोन ओळी लिहिल्या होत्या. पहिल्या ओळीतले एक चिन्ह तिला ओळखता आले : गोष्ट. दुसरी ओळ 'पण'ने सुरू होत होती. पुढचे पुसट होते.

मोरिता पासपोर्टचा क्रमांक विचारत होते. तिने तो सांगितला. मग पडद्याचे चित्र टिपून घेतले आणि दुपारभर मोठे करून पाहिले. ते जसजसे मोठे होत गेले तसतशी अक्षरे फुटून राखाडी चौकोन होत गेली. विचारता आले असते. पण 'माझ्याविषयी काय लिहिलेत' हे विचारायला लागणारी पातळी अजून तिच्याकडे नव्हती. व्हिसाला चार महिने लागतील असे बाई म्हणाल्या होत्या.

तिने वहीत नवे पान उघडले आणि 'पण'च्या पुढे जी चिन्हे येऊ शकतात त्यांची यादी करायला घेतली. ती यादी फार लांब होती.