सतरा नंबरचा डबा

बोगद्यातली हवा मोजणारी यंत्रणा माझी. भिंतीवर दर पन्नास मीटरवर एक डबा. डबा विषारी धूर मोजतो, आकडा शेजारच्या डब्याला देतो, तो पुढच्याला, आणि असं करत बातमी बाहेर माझ्या खोलीत येते. वायर नाही, नुसती बॅटरी. ती दोन वर्षं टिकावी म्हणून मी दोन नियम केले होते. आकडा बदलला नाही तर डब्याने गप्प बसायचं, आणि जागं व्हायचं ते दर दोन मिनिटांनीच. साहेबांनी पाठ थोपटली. मीही फुशारले, खोटं कशाला बोलू?

त्या दिवशी सकाळी अकराला मोठा पंखा दुरुस्तीसाठी बंद केला. वीस मिनिटांनी पडद्याकडे पाहिलं. तोंडाजवळच्या डब्यांचे आकडे चढत होते, नऊ, अकरा, चौदा. आत शेवटाला मात्र सहा. सगळं हिरवंगार.

धूर ओकणारं खोदाईचं मशीन शेवटालाच चालू होतं. तिथे सर्वांत जास्त आकडा हवा. सहा हा आकडा वीस मिनिटांपूर्वीचा होता. आतले डबे गप्प होते आणि मी त्यांच्या गप्प बसण्याला खुशाली समजत होते.

तिथे शेवटाला आठ माणसं होती. त्यांचा मुकादम माझा मामा.

आतला फोन लावला. वाजून वाजून बंद पडला. मशीनच्या आवाजात कोण ऐकणार! मग भोंग्याचं बटण दाबलं. भोंगे डब्यांतच आहेत आणि हुकूमही डब्याडब्यानेच जातो. दोन मिनिटांत सोळापर्यंत सगळे जागे होऊन बोंबलले. सतरा नंबर मेला होता. सरळ भागात दोन-तीन डबे ओझं वाटून घेतात, वळणावर मात्र तो एकटा. पलीकडच्या तेरा डब्यांचं ओझं त्याच्याच माथी, म्हणून त्याची बॅटरी सगळ्यांआधी संपली. एवढं साधं माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

"पंखा लाव आधी!" मी पंखेवाल्यावर ओरडले.

"ताई, पट्टा उतरवलाय. अर्धा तास तरी लागेल."

नवा डबा उचलला, तोंडावर मास्क ओढला आणि पळत सुटले. समोरून अलीकडची माणसं बाहेर येत होती, त्यांना ढकलत गेले. वळणावर पोचले. जुना डबा उपटून नवा अडकवला. हिरवा दिवा लुकलुकायला लागला, म्हणजे तो शेजारी शोधत होता. शेजारी झोपलेले. ते उठेपर्यंत दोन मिनिटं. ती दोन मिनिटं मीच ठरवलेली, बॅटरीची काटकसर म्हणून!

मी भिंतीला हात टेकून उभी राहिले. आयुष्यात एवढी घाबरले नव्हते. आईला काय सांगू, हा एकच विचार डोक्यात घुमत होता. दिव्याला शिव्या घातल्या, मग त्याच्या विनवण्या केल्या.

दिवा स्थिर झाला. वळणापलीकडे भोंगे एकामागून एक उठत गेले. मशीन थांबलं. मग बुटांचे आवाज.

मी मोजत होते. सहा जण आले. सातव्याला मामाने खांद्यावर टाकलं होतं. त्याची मान लोंबत होती, पण तो कण्हत होता. मी दुसरीकडून हात दिला. बाहेर आल्यावर त्याला ऑक्सिजन लावला, डॉक्टरांनी मान डोलावली, आणि मग कुठे माझा श्वास सुटला.

मामा दगडावर बसून खोकत होता. चेहरा काळवंडलेला.

"मामा, चक्कर येत असेलच, मग बाहेर का नाही आलास?"

"हा पोरगा म्हणत होता गं, डोकं गरगरतंय, निघू या म्हणून. मीच त्याला झापलं." तो माझ्याकडे बघून कौतुकाने हसला. "म्हटलं, गप काम कर. बाहेर माझी भाची बसलीय. काही असतं तर भोंगा वाजला नसता का?"