लाल झाक

"आता हाही परत?" गोदामाच्या दारात दाढीवाल्या शेतकऱ्याने ट्रॅक्टरवरून उडीच मारली. "पारखीबाई, सकाळपासून नदीकाठचे सात ट्रॅक्टर माघारी गेले. आमच्याकडं सगळ्यांचाच मका कुजला का हो?"

बाई काचेच्या पेटीतल्या दाण्यांकडे बघत राहिल्या. पेटीवर कॅमेरा, बाजूला लाल दिवा पेटलेला, म्हणजे यंत्राने माल नाकारलेला. परदेशी कंपनीने गोदाम घेतलं त्याच्या आधी मका आत घ्यायचा की नाही, हे बाईंचा दात सांगायचा. दाणा कट्कन फुटला की माल कोरडा. कंपनीने त्यांनाच यंत्राची मास्तरीण केलं. नमुना चावून बघायचा, मग त्याच्या फोटोवर बटण दाबायचं. चांगल्याला हिरवं, ओल्याला लाल. असे हजारो फोटो. यंत्र त्यावरच शिकलं. घरी बाई ऐटीत सांगत, तेव्हा नवरा म्हणे, "जप हो, गुरूची विद्या गुरूलाच फळेल."

आज यंत्राची चाचणी होती, आणि परदेशातले मालक भिंतीवरच्या मोठ्या पडद्यातून सगळं बघत होते. यंत्र पास झालं तर बाईंची नोकरी कायम, असा मॅनेजरचा शब्द होता. नवऱ्याचं दुकान बंद पडल्यापासून घर याच नोकरीवर चाललेलं.

बाईंनी नाकारलेला एक दाणा उचलून दाताखाली धरला. कट्कन! दुसरा घेतला. तोही खणखणीत.

तेव्हा त्यांना उमगलं. नदीकाठचे नमुने आले होते ते नेमके पूर ओसरल्यावर. ओले होते, म्हणून त्यांनी धडाधड लाल बटण दाबलं होतं. पण तिकडच्या दाण्याला जन्मजात लालसर झाक असते, आणि फोटोत ओल कुठे दिसते? झाक तेवढी दिसते. यंत्राने बिचाऱ्याने तीच घोकली.

"साहेब, यंत्र चुकतंय. म्हणजे मीच चुकीचं शिकवलंय."

मॅनेजरने पडद्याकडे बघत हसू तसंच ठेवलं. "बाई, आज गप्प बसा. उद्या बघू."

"उद्यापर्यंत हा मका कुठं ठेवायचा? यांच्या डोक्यावर?"

"आणि तुमची नोकरी?" तो ओठ न हलवता म्हणाला.

बाईंनी पेटीतले दाणे मुठीत घेतले. तशाच त्या पडद्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि मूठ उघडली.

"चांगला आहे हा. चूक माझी. सांगा त्यांना."

मॅनेजरला सांगावं लागलं. पलीकडे कुजबुज झाली.

"दुरुस्तीला किती दिवस, विचारतायत."

"दोन. आणि त्यानंतर माझं काय, तेही विचारा की."

ते मात्र मॅनेजरने पुढे विचारलं नाही.

दोन दिवस बाईंनी नदीकाठचा कोरडा मका चावून चावून हिरवं बटण दाबलं. जबडा ठणकायला लागला. तिसऱ्या दिवशी सकाळी नदीकाठचे ट्रॅक्टर एकामागून एक आत जाऊ लागले. दिवा हिरवा झाला की पुढे; पेटीपाशी थांबून कुणी बाईंना काही विचारत नव्हतं.

"ओ मावशी," एक नवा ड्रायव्हर ओरडला, "ते बाकडं आडवं येतंय, वळता येईना!"

बाई त्याच बाकड्यावर बसल्या होत्या, वीस वर्षं दाणे चावायला बसत तशा. त्या उठल्या. बाकड्याचं एक टोक धरून त्यांनी ते फरफटत भिंतीशी नेलं आणि हात झटकले.

"ये आता," त्या म्हणाल्या. "येऊ दे, येऊ दे. भरपूर जागा आहे."