नायकाची डुगडुगती खुर्ची

मित्रांनो, तोंड नाही म्हणून गप्प बसणाऱ्यांतली मी नव्हे. मी आठवीच्या वर्गातली जुनी लाकडी खुर्ची, आणि आज मला बोलायचंच आहे.

माझा एक पाय जन्मापासून आखूड. सुताराने मला घडवलं तेव्हा त्याचं अर्धं लक्ष लेकीच्या बडबडीत होतं. पाय कापून झाल्यावर तो नुसता ‘हात्तिच्या’ म्हणाला आणि पॉलिश करून त्याने मला शाळेत पाठवून दिलं. तेव्हापासून माझ्यावर बसेल तो डुगडुगतो. गणिताच्या सरांनी एकदा तोल सावरला आणि मला कोपऱ्यात ढकललं. तिथे बरीच वर्षं मी ओल्या छत्र्या सांभाळल्या.

मग आमच्या भाषेच्या बाई आल्या. त्या माझ्यावर बसल्या, डुगडुगल्या आणि चक्क हसल्या. म्हणाल्या, हीच नायकाची खुर्ची. त्यांची पद्धत अशी, की गोष्ट रचायची तर एकाने नायक होऊन माझ्यावर बसायचं आणि वर्गाने विचारायचं: तुला काय हवंय? कोण अडवतंय? मग तू काय करणार? पहिल्या उत्तराने पात्र उभं राहतं, दुसऱ्याने संघर्ष पेटतो, तिसऱ्याने गोष्ट शेवटाकडे धावते. नायक आरामात बसला की गोष्ट घोरायला लागते, म्हणून त्याची खुर्ची डुगडुगणारीच हवी. ऐकलंत ना? ज्या पायापायी मी छत्र्या वाळवल्या, तोच माझं क्वालिफिकेशन ठरला. मी इतकी फुगले की पॉलिशला तडे जायचेच बाकी होते.

तेवढ्यात मुख्याध्यापकांनी फर्मान काढलं: मोडकं सामान शनिवारी भंगारात. आमच्या वर्गातून एकच नाव होतं. माझं.

वर्ग मला उचलून मुख्याध्यापकांच्या खोलीकडे निघाला. बाईही मागोमाग आल्या. पण घात असा, की त्याच आठवड्यात वर्ग अलंकार शिकला होता. नवे बूट मिळालेलं पोर चिखलातसुद्धा तेच घालून जातं, तशी ही मुलं अलंकार घालूनच आत गेली.

मॉनिटरने उपमेने सुरुवात केली, ही खुर्ची आम्हाला आईच्या मांडीसारखी आहे. मुख्याध्यापक सरांनी मला एका बोटाने हलवून पाहिलं.

“तुझी आई अशी डुगडुगते?”

मग वर्गातला थापाड्या गप्पू अतिशयोक्ती घेऊन धावला. हिच्यावर म्हणे लाखो मुलं बसून गेली. सर म्हणाले, मग खिळखिळी झालीच असणार, कुणाचा हात मोडायच्या आत काढलेली बरी. शेवटी आमच्या कवयित्रीने डोळ्यांत पाणी आणून चेतनगुणोक्ती काढली, की सुट्टीत वर्ग रिकामा झाला की ही आतल्या आत कुरकुरत रडते.

“म्हणजे वाळवी,” सर म्हणाले आणि शिपाईकाकांना हाक मारायला वळले.

वाळवी! मला! अहो, साधा किडासुद्धा नाही. पण रडू मात्र तेव्हा खरंच येत होतं.

एवढ्यात घोळक्यामागून आमची पुटपुट पुढे आली. तिचा आवाज शेजारच्या बाकापर्यंतही पोचत नाही, म्हणून हे नाव. ती काहीतरी बोलली, ते कुणालाच ऐकू आलं नाही. सर म्हणाले, मोठ्याने बोल. तिने पुन्हा ओठ हलवले. पुन्हा काही नाही. मग ती सरळ माझ्यावर येऊन बसली. मी डुगडुगले, तिने पाय घट्ट रोवले आणि आवाज फुटला.

“सर, मला हिच्यावर बसूनच बोलता येतं. पडू नये म्हणून सांभाळण्यात इतकं लक्ष जातं, की घाबरायचं राहूनच जातं.”

आणि सवयच ती, मागून गप्पूने विचारलं, “तुला काय हवंय?”

“ही खुर्ची.”

“कोण अडवतंय?”

तिने सरांकडे पाहिलं. “सर.”

हाच तो उत्कर्षबिंदू, मित्रांनो. बाईंना अचानक खिडकीबाहेर काहीतरी फार महत्त्वाचं दिसलं. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“म्हणजे या गोष्टीतला खलनायक मी?”

पुटपुट डुगडुगत म्हणाली, “अजून ठरलं नाही, सर. शेवट तुमच्या हातात आहे.”

शनिवारी भंगारवाला आला आणि माझ्याशिवाय गेला. त्याच्यामागून सुतार आला. सर जातीने उभे राहिले: सांधे आवळा, खिळे ठोका, पण त्या पायाला हात लावायचा नाही. सुताराने माझ्याकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं, आणि मजुरी आधीच मागून घेतली.

तर मित्रांनो, माझी एवढीच मागणी आहे. बुडाखाली च्युइंगम चिकटवू नका, फार अपमान होतो. कुणासाठी बोलायला गेलात तर उपमा-बिपमा खुशाल न्या, पण आधी काय हवंय ते सांगा. आणि आवाज फुटत नसेल, तर या. बसा माझ्यावर. डुगडुगवेन जरूर, पण पडू देणार नाही.